डुगडुग नेमकी कुठून येते?

इंदूरच्या रामबाग भागातून एका २७ वर्षांच्या तरुणाचं पत्र आलं आहे. पीथमपूरला कारखान्यात नोकरी, पहिली पाळी, त्यामुळे पहाटे साडेपाचला घर सोडावं लागतं. गेल्या दसऱ्याला त्यानं स्वतःच्या कमाईतून रॉयल एनफील्डची क्लासिक ३५० घेतली. गाडीवर जीव आहे, पण तिचा आवाज "शिवणयंत्रासारखा" वाटतो. लहानपणी गल्लीतल्या एका काकांची जुनी बुलेट संध्याकाळी कोपऱ्यावरून वळायची, तो आवाज त्याच्या कानात बसला आहे आणि तसाच हवा आहे. मित्रांनी सायलेन्सरचे चार पाइप सुचवलेत. पाइपनं पिकअप वाढतो आणि मोठ्या आवाजामुळे ट्रकवाले सावध होतात, असंही सांगितलंय. आई म्हणते, पाइप लावलास तर गाडी गल्लीबाहेर ठेव. वरच्या मजल्यावर दोन महिन्यांचं बाळ आहे. बजेट ८,००० रुपये. "कोणता पाइप घेऊ, म्हणजे आवाज भारदस्त येईल आणि घरात कटकट होणार नाही? ता. क. क्रोम घेऊ की काळा? मला अरे-तुरे केलंत तरी चालेल."

अरे-तुरेची परवानगी दिलीस ते बरं झालं. ३१ वर्षं शाळेत फिजिक्स शिकवलं, अहो-जाहो करून कुणाला रागावणं मला आजवर जमलेलं नाही.

या सदरात सासवा येतात, वाटण्या येतात, न जुळणाऱ्या पत्रिका येतात. सायलेन्सर पहिल्यांदाच आला. पत्र वाचून आमच्याकडे हे खुर्चीत उठूनच बसले. "याला मी उत्तर देतो," म्हणाले. मी म्हटलं, तुम्ही पुढे बसून गाडी चालवलीत, मी मागे बसून ती ऐकली. तेव्हा उत्तर मीच देणार. आमची पहिली गाडी येझ्दी, दोन्ही बाजूंनी पाइप असलेली. तिच्या मागच्या सीटवर माझी नऊ वर्षं गेली. त्या गाडीच्या पाइपांचा एक किस्सा आहे, तो पुढे सांगते.

आधी मला एक सांग. काकांची बुलेट तू ऐकायचास तेव्हा तू कुठे असायचास? पत्रात तूच लिहिलंयस: ओट्यावर, गृहपाठ करत. गाडी अजून दिसायची नाही, कोपऱ्यापलीकडून नुसती ऐकू यायची आणि तू वही मिटायचास. आता जरा फिजिक्सच्या बाईंचं ऐक. आवाजात खालचे स्वर असतात आणि वरचे असतात. शंभर हर्ट्झच्या आसपासच्या खालच्या स्वराची लाट साधारण साडेतीन मीटर लांब असते. ती भिंतीच्या कोपऱ्याला सहज वळसा घालते. तीन हजार हर्ट्झची लाट जेमतेम अकरा सेंटिमीटरची. ती कोपऱ्यावर आपटते आणि बरीचशी तिथेच राहते. म्हणजे काकांच्या बुलेटची खडखड, टॅपेटची (इंजिनाच्या झडपा हलवणाऱ्या भागांची) टकटक, चेनचा किरकिराट, मडगार्डचा थरथराट हे सगळं कोपऱ्यापलीकडे गाळलं जायचं आणि तुझ्यापर्यंत पोचायची ती फक्त भारदस्त डुगडुग. तुला आवडलेल्या आवाजातला निम्मा भाग रामबागेच्या त्या कोपऱ्याचा आहे. काकांना स्वतःला तो कधी ऐकूच आला नसेल. त्यांच्या कानात टॅपेट वाजत असणार.

आणि तुझ्या क्लासिकचा जो आवाज तुला आवडत नाही, तो तू ऐकतोस कुठून? सीटवरून, हेल्मेटच्या आतून, पाइपाचं तोंड मागे आणि तू पुढे असताना. त्यात निम्मा वारा असतो आणि उरलेला इंजिनाचा वरचा भाग. एका अर्थी तुझी गाडी तू अजून ऐकलेलीच नाहीस.

म्हणून पाइपाच्या दुकानात जाण्यापूर्वी एका रविवारी संध्याकाळी एवढं कर. किल्ली एखाद्या मित्राला दे. गाडी पंधरा-वीस मिनिटं फिरवून चांगली गरम करून आणायला सांग. तू त्याच ओट्यावर बस. मित्राला म्हणावं, कोपऱ्यावरून दुसऱ्या गिअरमध्ये सावकाश वळ, दारापाशी थ्रॉटल सोड, गाडी जरा उभी कर, मग निघून जा. तीनदा. बाळाची झोपायची वेळ टाळून. आईलाही शेजारी बसव. त्यानंतरही शिवणयंत्रच ऐकू आलं तर पुढचं वाच. नाही आलं तर ८,००० रुपयांत मांडू, महेश्वर, परत मांडू असं कितीतरी पेट्रोल येईल.

तू पुढचं वाचणारच, हे मला माहीत आहे.

तर मग डुगडुगीतला "डुग" आणि "डुग" यांच्यामधल्या जागेकडे वळू. आपण गायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या गावात राहतो. विलंबित लय म्हणजे काय हे इंदुरात वेगळं सांगायला नको. काकांची जुनी बुलेट ३४६ सीसीची, ओतीव लोखंडाच्या इंजिनाची, ७० मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ९० मिलिमीटर स्ट्रोकची (पिस्टनची धाव), जड फ्लायव्हीलची. कार्ब्युरेटर नीट जुळवला की ती मिनिटाला सहाशे-सातशे फेऱ्यांवर आरामात उभी राहायची. चार स्ट्रोकच्या इंजिनात दोन फेऱ्यांत एकदाच स्फोट होतो. सातशे फेऱ्या म्हणजे सेकंदाला सहापेक्षा थोडे कमी ठोके. ते कान मोजू शकतो, म्हणून त्याला ताल वाटतो. तुझी गाडी ३४९ सीसीची, ७२ बाय ८५.८. इंजेक्शन आहे, थरथर मारायला आत बॅलन्सर शाफ्ट आहे, आणि ती उभ्या उभ्या हजाराच्या थोडं वर फिरते. सेकंदाला साडेआठ-नऊ ठोके. शिवाय प्रत्येक ठोका मागच्यासारखाच, कारण मिश्रण आता कॉम्प्युटर मोजून देतो. काकांच्या गाडीचा एखादा ठोका उशिरा पडायचा, एखादा हलका. तू ज्याला शिवणयंत्र म्हणतोस ती ही नियमितता आहे.

पाइप बदलून यातलं काय बदलेल? स्वर बदलेल. जाड होईल, रुंद होईल, फुटका होईल. लय बदलणार नाही. तबल्याला कितीही मोठी पुडी चढवली तरी ठेका वाजवणाराच ठरवतो. पाइप लावल्यावर महिन्याभरात "तसा नाही आला यार" म्हणत दुसरा, मग तिसरा पाइप घेणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना पाइपातून लय हवी असते, आणि ती पाइपात नसते. आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीच्या फेऱ्या, खाली आणून देतो असं कुणी म्हणालं तर हात जोडून बाहेर ये. इतकं खाली चालण्यासाठी हे इंजिन जुळवलेलंच नाही.

आता स्वराकडे. सायलेन्सर दोन रीतींनी आवाज मारतो. एक म्हणजे आत खोल्या करून. वायू एका खोलीतून नळीनं दुसरीत, तिथून तिसरीत जातो, आवाजाच्या लाटा भिंतींवर आपटून एकमेकींना खातात. कंपनीचे पाइप बहुतेक असेच, म्हणून वजनदार. दुसरी रीत म्हणजे सरळ भोकाभोकांची नळी आणि तिच्याभोवती ग्लासवूल. काचेच्या या कापसात वरचे, चिरके स्वर मुरतात, खालचे बरेचसे निसटतात. म्हणून नवा ग्लासवूलचा पाइप पहिल्या दिवशी फार गोड वाजतो. दुकानदारही पहिल्या दिवशीचाच आवाज ऐकवतो. काही महिन्यांनी ते वूल उष्णतेनं जळतं, भुगा होऊन मागून उडतं, आणि उरते भोकांची नळी आणि बाहेर रिकामा डबा. तुझ्या मित्राचा पाइप "आता मस्त मोकळा झालाय" असं तो म्हणतो ना, तो मोकळा झालेला नाही, रिकामा झालाय.

नावांच्या फंदात पडू नकोस. गोल्डस्टार, डॉल्फिन, मेगाफोन, पंजाब ही बाहेरच्या आकारांची आणि बाजारातल्या सवयींची नावं आहेत. आत काय भरलंय ते एकाच नावाच्या दोन पाइपांत वेगळं निघतं. बुलेटवाल्यांच्या बाजारात तर "इंदोरी" नावाचाही सायलेन्सर विकला जातो, आणि तो काही शांतपणासाठी प्रसिद्ध नाही. रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या ज्या गावात निघतात, त्या गावाच्या नावावर हेच खपायचं. पोह्यांच्या शेजारी हेही आपलंच म्हणायचं!

पिकअपचं आता. तुझ्या गाडीची ताकद २०.२ बीएचपी आहे. नुसता मागचा डबा बदलून त्यात तुला कळण्याइतकी भर पडत नाही. उलट कमी फेऱ्यांवर, म्हणजे राऊच्या चौकात सिग्नल सुटतो तेव्हा, ओढ थोडी कमीही वाटू शकते. पाइपातून वायूचा ठोका धावत जातो आणि मोकळ्या तोंडाशी पोचला की उलटी, ओढणारी लाट परत येते. ती वेळेवर परतली तर पुढचा जळका वायू बाहेर खेचायला मदत होते. पाइपाची लांबी-रुंदी कंपनीनं या हिशेबानं बेतलेली असते. आवाज वाढला की गाडी पळतेय असं वाटतं, एवढंच.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. आता येझ्दीचा किस्सा. लग्नाला दुसरं वर्ष होतं. कुणीतरी यांना सांगितलं, दोन्ही पाइपांतल्या जाळ्या काढा, गाडी वाऱ्यासारखी पळेल. यांनी अंगणात वर्तमानपत्र अंथरलं, मागचे बोल्ट सोडले, पक्कडीत धरून पिळत पिळत एकेक जाळी बाहेर ओढली. हातभर लांबीची, भोकं बुजलेली, टू-स्ट्रोकच्या तेलाच्या काजळीनं डांबरासारखी चकचकीत. खरं तर ती कॉस्टिक सोड्यात भिजवून, साफ करून परत बसवायची असते, आणि तेवढ्यानंच गाडी पळाली असती. पण आम्ही काढलेली बाजूला ठेवली आणि दुसऱ्या दिवशी महूवरून जाम गेटला निघालो. सपाटीला आवाज असा की रस्त्यातली गुरं बाजूला होत होती. हे खूश. घाट लागला आणि दोन माणसं घेऊन गाडी चढेना. पहिल्यावरून दुसऱ्यावर टाकली की धापा टाकायची. टू-स्ट्रोकला पाइपातून परतणारी लाट आणखीच हवी असते, ती आम्ही पक्कडीनं उपटून अंगणात ठेवून आलो होतो. जाम गेटच्या कमानीखाली उभं राहून हे म्हणाले, "पेट्रोल खराब दिसतंय."

घरी आल्यावर माझ्या कानात बारीक शिट्टी वाजत राहिली. रात्रभर. सकाळी वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलीनं काहीतरी विचारलं आणि मला तीनदा "काय?" म्हणावं लागलं. मग पुढचा तास आवाजावरच घेतला. कानाची ही तात्पुरती बधिरता एक-दोन दिवसांत जाते, पण तीच पुन्हा पुन्हा झाली की जायचं विसरते. पाइपाच्या तोंडाशी सगळ्यांत जवळ बसतं ते मागचं माणूस. तुझ्या मागे आज कुणी बसत नसेल, उद्या बसेल. तिला विचार, मग पाइप घे. जाळ्या चौथ्या दिवशी परत बसल्या. दोष अजूनही पेट्रोलचाच आहे.

मोठ्या आवाजानं ट्रकवाला सावध होतो, हे पटायला सोपं आहे, पण पाइपाचं तोंड मागे असतं आणि तुला धोका पुढून आणि आडवा येतो. काचा बंद, एसी चालू, गाणी लावलेली अशा गाडीवाल्याला तू शेजारून पुढे गेल्यावर ऐकू येतोस. पीथमपूरच्या रस्त्यावरच्या ट्रकमध्ये त्याचं स्वतःचंच इंजिन केबिनखाली धडधडत असतं. तुझा दिवा चालू असतो, हॉर्न आहे, पहाटे अंगावर चमकणारी पट्टी घाल. ट्रकच्या डाव्या अंगाला रेंगाळू नकोस. पाइपाला या कामावर नेमू नकोस.

मग कायदा. इथे मी गोड बोलणार नाही. १७५ सीसीवरच्या मोटरसायकलला कारखान्यातून निघताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे, तीही गाडी वेग घेत जात असताना साडेसात मीटरवर माइक ठेवून मोजलेली. तुझ्या गल्लीत वरच्या मजल्याची खिडकी काही साडेसात मीटरवर नाही. रामबागेत माझं माहेर होतं, त्या गल्ल्या मला माहीत आहेत. अंतर निम्मं झालं की आवाज सहा डेसिबलनं वाढतो. खिडकी दोन मीटरवर धरली तर त्याच ८० चे हिशेबानं ९२ होतात, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती भर घालतात ते वेगळंच. हे कंपनीच्याच पाइपाचं, तू थ्रॉटल पिळून निघालास तर. त्यात आणखी दहा डेसिबलची भर म्हणजे कानाला दुप्पट मोठा आवाज, आणि ऊर्जा दहापट. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत राहत्या वस्तीला रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि तू निघतोस साडेपाचला. कायद्याच्या घड्याळात ती रात्रच.

गाडीत कंपनीनं दिलेल्यापेक्षा वेगळा बदल केला तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ नुसार अशा प्रत्येक बदलामागे मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाजाचे किंवा धुराचे निकष मोडले तर कलम १९०(२) खाली पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने परवाना बाद. पकडलेले पाइप रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवलेला तू बातम्यांत पाहिलाच असशील. विमा आणि वॉरंटी यांचेही कागद वाच. बदल कळवला नसेल तर ऐन वेळी तोच मुद्दा पुढे येतो. "सगळेच लावतात" हे खरं आहे आणि चौकात त्याचा उपयोग शून्य.

एवढं ऐकूनही पाइप हवाच असेल, तर तुझ्या वयात मीही ऐकलं नसतं, म्हणून घ्यायचा कसा ते सांगते. पहिली चौकशी कंपनीच्या अधिकृत ॲक्सेसरीत कर. तुझ्याच मॉडेलसाठी मंजूर झालेला पाइप असेल आणि त्याचा कागद हातात मिळत असेल तर महाग पडला तरी तोच. बाहेरचा घेणार असशील तर फक्त मागचा डबा, बोल्टनं बसणारा आणि बोल्टनंच निघणारा. बेंड पाइपाला, म्हणजे इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीला, हात लावू द्यायचा नाही, कापाकापी-वेल्डिंग नाही. तुझी गाडी बीएस-६, म्हणजे धुराच्या नव्या निकषांची आहे. धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि ऑक्सिजन सेन्सर या पाइपरचनेचाच भाग आहेत. कन्व्हर्टर नेमका कुठे आहे ते तुझ्या मॉडेलच्या पुस्तिकेत पाहून मगच मेकॅनिकशी बोल. "भिया, ये तो निकाल देंगे, कुछ नहीं होता" असं जिथे ऐकू येईल तिथून गाडी वळव. सेन्सर गेला की इंजिनाला श्वासाचा हिशेब लागत नाही आणि डॅशबोर्डवर पिवळा दिवा पेटतो.

मोबाइलवरचे व्हिडिओ बघून निवडू नकोस. फोनचा चिमुकला स्पीकर दोनशे-तीनशे हर्ट्झच्या खालचं जवळजवळ काही काढतच नाही, आणि तुला जे हवंय ते नेमकं तिथेच आहे. तो पाइप लावून निदान सहा महिने चाललेली, तुझ्याच मॉडेलची गाडी शोध आणि तिच्या मालकाला चहा पाज. गरम गाडी तीन जागांवरून ऐक: सीटवर बसून, मागे वीस पावलांवरून, आणि जमलं तर कुणाच्या तरी वरच्या खिडकीतून. उभी असतानाचा आवाज सगळ्यांचाच बरा असतो. खरी परीक्षा चाळीसच्या वेगानं एकसारखं जाताना होते, कारण पीथमपूरपर्यंत तू तेच ऐकणार आहेस. चाळीस-पन्नासला डोक्यात घुमणारा घूं घूं आवाज असेल तर तो पाइप पहिल्या आठवड्यातच नकोसा होतो. थ्रॉटल सोडल्यावर फटफट फुटत असेल तर बहुधा सांध्यातून हवा आत जातेय किंवा मिश्रण बिघडलंय. त्याला मर्दानी समजायचं कारण नाही. किल स्विच (इंजिन बंद करायचं बटण) दाबून फटाके काढणाऱ्यांच्या कन्व्हर्टरात न जळलेलं पेट्रोल जाऊन पेटतं, आणि महागडी वस्तू आतून वितळते.

यांची एक युक्ती लिहायलाच हवी, नाहीतर जेवायला बसणार नाहीत. पाइप दोरीला टांगायचा आणि स्पॅनरनं हलकेच टकटक करायचं. टण्णकन घंटीसारखा वाजला तर पत्रा पातळ आहे. तो गाडीवर तसाच टणटणणार. बद्द वाजला तर पत्रा जाड आहे किंवा आत नीट भरलंय. हातात धरून हलव, आत काही खुळखुळलं तर परत ठेव. खालचा, रुंद स्वर हवा असेल तर पोट मोठं असलेला पाइप घे. आखूड, बारीक डबा आरडाओरडाच करतो. आतली जाळी, तिला आता डीबी किलर म्हणतात, रिव्हेट मारलेली असावी. एका स्क्रूवर असली की ती पहिल्याच रविवारी निघते आणि मग सापडत नाही, हे तुझ्या मित्रांना बघून तुलाही माहीत आहे. आठ हजार सगळे पाइपावर उडवू नकोस. नवं गॅस्केट, क्लॅम्प, मजुरी आणि पुढे कधीतरी वूल भरण्याचा खर्च बाजूला काढ. जुना पाइप भंगारात देऊ नकोस. दोन्ही तोंडांना कापड बांधून, त्याचे नटबोल्ट पिशवीत घालून, पिशवी त्यालाच बांधून माळ्यावर ठेव.

दुकानात जाण्याआधी अजून एक. ओट्यावर बसून ऐकशील तेव्हा टिणटिण, खरखर अशी काही ऐकू आली तर हीट शील्डचे स्क्रू आणि पाइपाचे हँगर तपास. वर्षभर पीथमपूरच्या खड्ड्यांतून गेलेल्या गाडीचे ते हमखास सैल होतात. शिवणयंत्रातली सुई कधीकधी तिथेच असते.

आता घर. "कटकट होणार नाही असा पाइप" तू मागतोस. मला पत्रात कटकट दिसली नाही. आईनं नाही म्हटलेलं नाही, गल्लीबाहेर ठेव म्हटलंय. पोरगं पहाटे अंधारात निघतं, तिच्या जिवाला तो घोर आहेच. वर त्या बाळाच्या आईला जिन्यात तोंड तिलाच द्यायचं आहे. तू दिवसभर कारखान्यात. तेव्हा बाळाच्या घरी वर जाऊन तूच विचार, आईला मध्ये घालू नकोस. "पहाटे माझ्या गाडीनं जाग येते का?" एवढंच. पाइप न बदलताही विचार. उत्तर काय येईल याचा मला अंदाज आहे, आणि तुलाही असावा. १९५ किलोची गाडी कोपऱ्यापर्यंत ढकलत ने असं मी म्हणणार नाही. पण इंजेक्शनच्या गाडीला दारात पाच मिनिटं तापवत ठेवायची गरज नसते. हेल्मेट, हातमोजे, बॅग सगळं चढवून झाल्यावर मग स्टार्ट कर, वीस-तीस सेकंदांत निघ, आणि कोपरा वळेपर्यंत थ्रॉटल जेमतेम उघड. पुढे रस्ता तुझाच आहे.

आणि ते काका? बुलेट विकली असं लिहिलंयस, काका कुठे आहेत ते लिहिलं नाहीस. असतील तर ओट्यावरच्या रविवारी त्यांना बोलाव. कोपऱ्यावरून वळणारी गाडी त्यांनीही कधी ओट्यावर बसून ऐकली नसेल.

ता. क. चं उत्तर: स्टेनलेस मिळाला तर स्टेनलेस. नाहीतर क्रोम. स्वस्त काळा रंग उष्णतेनं पोपडे धरतो आणि पहिल्या पावसाळ्यात खालून गंजतो. क्रोमही आतून गंजतो, कारण पेट्रोल जळताना पाणी तयार होतं आणि जवळच्या फेऱ्यांत ते पाइपात साचून राहतं. सकाळी मागून चार थेंब टपकले तर घाबरू नकोस. तुझा पीथमपूरचा फेरा ते वाळवायला पुरेसा आहे.